आपली भाषा निवडा

कार्यालयातल्या झाडून सगळ्यांनी ‘ओढ’समोर बसून घेतलं होतं. राहिली होती फक्त सुलेखा काळे.

सुरुवातीला तर तो खेळच झाला होता. जेवणाच्या सुट्टीत एकेक जण यंत्रापुढच्या खुर्चीत बसायचा, पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघत पाण्याच्या खळखळाटासारखा एक आवाज ऐकायचा आणि चार-दोन क्षणांत पडदा त्याच्या अगदी आतल्या भाषेत उघडायचा. शुद्ध मराठीचा आग्रह धरून सगळ्यांना हैराण करणारे प्रकल्पप्रमुख सदानंद बोकील बसले, तेव्हा पडद्यावर कन्नड अक्षरं उमटली. बोकील आधी चिडले, मग आठवत आठवत गप्प झाले. त्यांचा जन्म धारवाडला आजोळी झालेला, आणि तिथे त्यांना दोन वर्षं अंगाखांद्यावर खेळवणारी बाई कन्नडखेरीज अवाक्षर बोलत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी धारवाडी पेढे मागवून सगळ्यांना वाटले. कोकणातल्या एकाची मालवणी निघाली, एका मुलीची अहिराणी, आणि ज्याचं त्याला कौतुक वाटलं.

सुलेखा मात्र दर वेळी काहीतरी निमित्त काढायची. कधी डोकं दुखायचं, कधी डोळ्यांत औषध घातलेलं असायचं.

“तुला कसली गं भीती?” ऋजुता वैद्य विचारायची. “निघून निघून काय निघणार आहे? फार तर गावाकडचं काही.”

ऋजुता म्हणजे ‘ओढ’ची जन्मदात्री. मेंदूच्या अभ्यासात उभी हयात घालवलेली, हुशार आणि मोठ्या मनाची बाई. सुलेखा नि ती नऊ वर्षं शेजारी बसत होत्या, एका डब्यात जेवत होत्या. सुलेखा हसून वेळ मारून न्यायची आणि कामाला लागायची.

‘ओढ’मागचं विज्ञान तसं कुणालाही कळण्याजोगं होतं. मूल पोटात असतानाच आईच्या, नि जन्मल्यावर खेळवणाऱ्यांच्या, बोलण्याचा ठेका ऐकत असतं. शब्द कळायच्या कितीतरी आधी तो ठेका, ते हेल, श्वासाच्या त्या जागा मेंदूत मुरलेल्या असतात. माणूस पुढे दहा भाषा शिकला, पहिली पार विसरून गेला, तरी तो ठेका कानावर पडला की डोळ्यांच्या बाहुल्या केसभर रुंदावतात. हसू दाबता येतं, आवाज बदलता येतो. बाहुल्या कुणाच्या हुकमात नसतात. ऋजुताने तेहेतीस भाषांचे नुसते ठेके, शब्दांवाचून, त्या खळखळाटात मिसळले होते. कोणत्या ठेक्याला बाहुली रुंदावली ते पडद्यातला कॅमेरा टिपायचा. नाव नाही, गाव नाही, काही विचारणं नाही. माणूस समोर उभा राहिला की यंत्र त्याच्या पहिल्या भाषेत बोलू लागायचं.

हे यंत्र ‘आरोग्यद्वार’साठी होतं. राज्यातल्या कुठल्याही दवाखान्यात, सरकारी असो वा खासगी, पाय ठेवायचा तर आधी या संकेतस्थळावर नोंद करावी लागे. दुखणं तिथेच सांगायचं, कोणत्या खोलीत जायचं ते तिथेच कळायचं, औषध कसं घ्यायचं तेही तिथूनच. ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी दवाखान्याच्या दाराशी पुरुषभर उंचीचा बोलका पडदा उभा केलेला असे. आणि या सगळ्याच्या भाषा सांभाळायचं काम सुलेखाकडे होतं.

या कामाचे तिचे नियम कार्यालयात थट्टेचा विषय होते. भाषेच्या नावापुढे झेंडा लावायचा नाही. झेंडा देशाचा असतो, भाषा कुणा एका देशाची नसते. भाषेचं नाव त्याच भाषेत नि त्याच लिपीत लिहायचं, उर्दू वाचणाऱ्याला देवनागरीत ‘उर्दू’ शोधायला लावायचं नाही. बटणांत मोकळी जागा सोडायची, कारण एका भाषेचं एका शब्दात भागतं तिथे दुसरीला तीन लागतात. एखादं पान भाषांतरित झालेलं नसेल तर तसं सरळ सांगायचं, गुपचूप दुसऱ्या भाषेचं पान पुढे सरकवायचं नाही. यंत्राने केलेलं भाषांतर, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने वाचल्यावाचून, पडद्यावर जाऊ द्यायचं नाही. आणि ज्यावरून ती वर्षानुवर्षं भांडत आली तो नियम असा, की माणूस कुठून आला, कसा दिसतो, यावरून त्याची भाषा ताडायची नाही. त्याला विचारायचं.

हा शेवटचा नियम ‘ओढ’च्या वेळी तिनेच मोडला.

मोडला तो लोभापायी, पण तो लोभ पैशाचा नव्हता. दहा-वीस हजारच माणसं बोलतात अशा भाषा संकेतस्थळावर घ्यायच्या म्हटलं की बोकील कपाळाला हात लावायचे. बटणांची रांग लावणार तरी कुठवर? ‘ओढ’ आलं आणि बटणांची गरजच उरली नाही. मग सुलेखाने हळूच यादीत काही भाषा घातल्या, आणि त्यांत एक घातली पारधी.

काळे हे आडनाव मोठं सोयीचं; लग्नानंतरही तिने तेच ठेवलं होतं. ते ब्राह्मणांत असतं, मराठ्यांत असतं, आणि पारध्यांतही असतं. पुण्यात लोक आपापल्या मनाप्रमाणे समजून घेत आणि सुलेखा कुणालाही दुरुस्त करत नसे. तिच्या पणज्याच्या काळात इंग्रजांनी तिच्या जमातीवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. इंग्रज गेले, कायदा गेला, शिक्का तेवढा राहिला. गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर. म्हणून पारध्याचं पोर चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं: परका माणूस येताना दिसला की बोलणं, असेल तिथे, वाक्याच्या मधोमध तोडून मराठीत वळवायचं. गुजराती वळणाची ती गोड बोली पालाच्या आत बोलायची, बाहेर काढायची नाही. सुलेखा सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेली, मग वसतिगृहात, मग पुण्यात, आणि हे वळण तिच्या अंगी इतकं भिनलं की स्वप्नातसुद्धा ती मराठी बोलू लागली. आईवडील नाहीत, एवढंच ती लोकांना, अगदी सासूलाही, सांगायची. वडील खरंच नव्हते. आई होती.

पारधी भाषांतर तपासायला माणूस मिळेना. सुलेखा म्हणाली, “मी बघते कुणाकडून तरी.” मग तिने ते सगळं काम स्वतःच घरी बसून केलं. आवाज कुणा माणसाचा नव्हता, यंत्रानेच घडवलेला. पण शब्द तिचे होते, आई जखम धुताना जसं बोलायची तसे. तिला वाटलं, आपल्या माणसांशी एकदा तरी सरकार आपल्या बोलीत बोलेल. त्या दिवसांत ती मनातून फार सुखी होती.

चाचणी घ्यायला भीमेकाठच्या एका तालुक्यातलं रुग्णालय निवडलं गेलं. ते निवडताना सुलेखा काही बोलली नाही, पण त्याच तालुक्यात तिच्या आईची वस्ती होती.

महिन्याभराने अहवाल आला. ऋजुता तो घेऊन सुलेखाच्या टेबलाशी आली ती चेहरा फुलवून.

“ओळख जवळजवळ बिनचूक. तुझ्या त्या छोट्या भाषासुद्धा. फक्त हे पारधीचं बघ गं, पडदा त्यांना ओळखतो, बोलायला लागतो आणि माणसं निघून जातात. पुरतं ऐकतसुद्धा नाहीत. आणि आता तर कुणी येतच नाही. तुझ्या त्या तपासणाऱ्या माणसाने भाषांतर बिघडवलंय की काय?”

“नाही,” सुलेखा म्हणाली. “भाषांतर नीट आहे.”

ऋजुता गेल्यावर तिने आईला फोन लावला. आई इकडचं तिकडचं बोलली, शेळी व्याली म्हणाली, पाऊसपाणी विचारलं. पाय कसा आहे या प्रश्नावर “हाय की” एवढंच म्हणाली. आईला, म्हणजे सुरमीबाईंना, साखरेचा आजार होता आणि तळपायाला एक जखम होती. रविवारी सुलेखा गाडी काढून निघाली.

वस्तीवर आता कापडी पालं नव्हती, सरकारी घरकुलं होती. सुरमीबाई दारातच बसल्या होत्या. पायाला हळदीचं फडकं बांधलेलं. सुलेखाने ते सोडलं. जखम अंगठ्यापर्यंत काळवंडली होती. तिने तिथूनच एका ओळखीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: रुग्णालयात नेऊन साफ करून घ्या, महिना काढलात तर पाऊल जाईल.

“आय, दवाखान्यात का नाही गेलीस?”

“गेल्ते की.” सुरमीबाईंनी आजूबाजूला बघितलं. जवळपास कुणी नव्हतं, तरी त्या मराठीतच बोलत राहिल्या. “रांगंत हुबी हुते. माजा लंबर आला. पडदा बोलला बघ, आपल्या बोलीत, येवढ्या मोट्यानं. ये माय, काय दुकतंय सांग म्हनून. मला आदी वाटलं, मागं आपलं कुनी हाय. वळून बगितलं तर समदी रांग माज्याकडं बगत हुती.”

“मग?”

“रांगंत हुते तवर म्या येक बाई हुते. मग पारधीन झाले.”

त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं.

“कुना बाईचा मोबाइल घावंना. वाचमन आला, म्हनला गाठोडं सोड. सोडलं. भाकर हुती, लुगडं हुतं. मोबाइल तिच्याच पोरीच्या हातात निगाला. कुनी काय बोललं न्हाई. म्या बी न्हाई. आले निगून. आता वस्तीवरलं कुनीच जाईना तकडं.”

आई तिच्याकडे वळली.

“तू शिकलीयास म्हनून इचारते. त्या मशिनीत आपली बोली घातली कुनी? परक्याला येत न्हाई ती. म्हंजी आपल्यातल्याच कुनीतरी घातली. पैकं मिळालं आसतील का त्येला?”

“आय,” सुलेखा म्हणाली, “मी घातली.”

सुरमीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लेकीकडे नुसतं बघितलं आणि फडकं पायावर ओढून घेतलं.

“तुला वाटलं आसंल, आयला सोपं जाईल.”

“हो.”

“मग आता काड ते.”

“बोली काढू?”

“बोली ऱ्हाऊ दे. बरी बोलत हुती. त्ये वळकनं काड. मला कुनी इचारलं न्हाई, सुले. आदी इचारायचं की मानसाला.” मग जरा वेळाने, अगदी सहज सांगावं तशा म्हणाल्या, “पर तितं तुजं नाव येऊ देऊ नगंस. तुजं बरं चाललंय.”

सुलेखा म्हणाली, पुण्याला चल, तिकडे दाखवू. आई हसली. “सासूला काय सांगशील, ही कोन? आन येकदा जाऊन भागतंय व्हय? फुडं तिकडं बी त्योच पडदा बसनार, न्हवं का?” ते खरंच होतं. पुढच्या महिन्यात ‘ओढ’ राज्यभर चालू व्हायचं होतं. फडकं बदलून, हाती होतं ते औषध देऊन सुलेखा परतली, आणि सगळ्या वाटेत तिला आपल्याच नियमाची लाज वाटत राहिली. जो नियम ती दुसऱ्यांना शिकवत होती तो तिची अडाणी आई तिला शिकवून गेली, असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. तिला तो ठाऊकच होता. ठाऊक असून तिने तो मोडला होता.

घरी फक्त हेरंबला सगळं माहीत होतं. हेरंब दातार, तिचा नवरा, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचा. लग्न ठरलं तेव्हा तोच म्हणाला होता, “माझ्या आईला आपण सावकाश सांगू.” त्या सावकाशीला नऊ वर्षं झाली होती. तो माणूस वाईट नव्हता. कटू गोष्ट उद्यावर टाकायची त्याला खोड होती, आणि सुलेखालाही ती सोयीची पडली होती.

संध्याकाळी सासूबाई भजनाला गेल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं.

“मग नियमांच्या जोरावर भांड ना,” हेरंब म्हणाला. “तू इतकी वर्षं तेच करतेस. स्वतःला मध्ये कशाला आणतेस?”

“आधी तेच करणार आहे.”

“आणि ऐकलं नाही तर?”

“तर खुर्चीत बसेन.”

हेरंबने हातातला पेला खाली ठेवला. “त्यानंतर मागे फिरता येणार नाही, सुलेखा.”

“आईचं पाऊल गेलं तर तेही परत येणार नाही.”

तो उठून खिडकीशी गेला. वळला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “मग माझ्या आईला मी आधी सांगतो. तिला बाहेरून कळायला नको.”

बैठक गुरुवारी होती. लांब टेबलाच्या टोकाला बोकील, एका बाजूला दोन वरिष्ठ अधिकारी, दुसऱ्या बाजूला ऋजुता आणि तिच्या शेजारी सुलेखा. कोपऱ्यात ‘ओढ’चा पडदा नि त्याची खुर्ची. बोकील खुशीत होते. त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, की आणखी एका खात्याने ‘ओढ’ मागितलं आहे. बाजारात, बसस्थानकांवर लावायला. कोण कुठला ते कळावं, बाकी काही नाही.

सुलेखा उभी राहिली. ओळखणं बंद करून भाषा विचारण्याची सोय करा, असं ती म्हणाली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना भाषांची नावं ऐकवता येतील, फक्त त्यांच्याच कानात. यंत्राने पारध्यांना हाकलून लावलंय, त्यांची पोरंबाळं उपचारावाचून घरी बसलीत, हे तिने अहवालातले आकडे दाखवून सांगितलं.

“हाकलून कसं?” ऋजुता दुखावली होती. “मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलतेय. याहून मान तो काय द्यायचा? संकोच वाटत असेल त्यांना. होईल सवय.”

“आणि तक्रार एकही नाही,” एक अधिकारी म्हणाले.

“तक्रार करायलाही त्याच पडद्यापुढे उभं राहावं लागतं, साहेब.”

बोकीलांनी चष्मा काढून पुसला. “सुलेखाबाई, तुमचे नियम मी मानतो. पण उद्घाटनाची तारीख ठरली आहे. त्या समाजातलं कुणी इथे येऊन सांगेल का, की मला या यंत्राचा त्रास झाला? एक माणूस आणा. मी थांबवतो.”

कुणी येणार नाही, हे खोलीत फक्त सुलेखाला ठाऊक होतं. येणं म्हणजेच तर उघड होणं. आईचं शेवटचं वाक्य तिच्या कानात होतं, आणि तिला भीती वाटत होती, लहानपणी पालावर पोलिसांच्या गाडीचे दिवे पडायचे तेव्हा वाटायची तशी.

ती कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली.

“अगं, आत्ता?” ऋजुता हसली. “बरा मुहूर्त शोधलास.”

पडद्यावर ठिपका आला. खळखळाट सुरू झाला. सुलेखाने डोळे मिटले नाहीत. आवाजांच्या त्या गर्दीत कुठेतरी एक ठेका तिच्या छातीत येऊन लागला, आणि यंत्राच्याही आधी तिला कळलं. मग पडदा उजळला आणि भरल्या खोलीत, खणखणीत आवाजात, पारधीत बोलू लागला. ये माय, काय दुखतंय सांग.

ऋजुता वाकून बघू लागली. “हे काय दाखवतंय? पारधी? काहीतरी चुकलं.”

“चुकलं नाही,” सुलेखा म्हणाली. “तुझं यंत्र चुकत नाही. मी पारधी आहे. भाषांतर तपासणारा तो माणूस मीच.”

सुलेखा उठून आपल्या खुर्चीकडे आली. दोघींच्या मध्ये टेबलावर ऋजुताची पर्स होती. सुलेखा बसली त्या क्षणी ऋजुताचा हात पर्सवर गेला आणि तिने ती स्वतःकडे ओढली. वीतभरच. मनात काही नसताना माणूस अंगावरची माशी उडवतो, तितक्याच नकळत.

मग ऋजुताला आपला हात दिसला. पर्सच्या पट्ट्यावर घट्ट मिटलेला. ती त्याच्याकडे कुणा परक्याचा असल्यासारखी बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“सुलेखा, मी... मला खरंच तसं काही...”

“माहीत आहे मला,” सुलेखा म्हणाली. “नऊ वर्षं आपण एका डब्यात जेवतोय. तरी तुझा हात गेला. त्या रांगेत माझी आई होती, ऋजुता. तिथल्या कुणी तिच्याबरोबर एक घाससुद्धा खाल्लेला नव्हता. तुमच्यापुढे कोण म्हणून उभं राहायचं ते मी आत्ता ठरवलं. तिला ते ठरवायला कुणी दिलं नाही. मीही नाही.”

ऋजुताने पर्स सोडली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. ती बोलली तेव्हा सुलेखाशी नाही, बोकीलांशी बोलली.

“कॅमेरे काढून टाकू. सगळीकडचे. आणि त्या दुसऱ्या खात्याला नाही म्हणून कळवा. ‘ओढ’ मी बांधलंय, ते मी देणार नाही.”

“आपण नाही म्हटलं तर ते दुसऱ्याकडून बांधून घेतील,” बोकील म्हणाले.

“घेतील,” ऋजुता म्हणाली. “पण ते माझं नसेल.”

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. त्या तालुक्यातला कॅमेरा मात्र आठवड्याच्या आत निघाला, ऋजुता स्वतः जाऊन उभी राहिली होती. एवढ्याने सगळं गोड झालं असं नाही. कार्यालयात लोक सुलेखाशी फार अदबीने बोलू लागले, आणि त्या अदबीचा तिला जाच होई. डबा ती नि ऋजुता अजूनही एकत्र खात, पण ऋजुता पहिला घास तिच्या पुढ्यात ठेवायची, काळजीपूर्वक, आणि मग दोघींना बोलायला विषय सापडत नसे. सासूबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी भाजी निवडताना मान वर न करता म्हणाल्या, “नऊ वर्षं माझ्यासमोर स्वतःची आई मेलेली ठेवलीस? मी इतकी वाईट वाटले तुला?” सुलेखाने उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर ‘हो’ होतं आणि ते आता खरं राहिलं होतं की नाही हे तिला समजत नव्हतं.

कॅमेरा निघाला त्याच्या पुढच्या सोमवारी ती आईला घेऊन त्याच रुग्णालयात गेली. सुरमीबाई यायला राजी नव्हत्या. कॅमेरा काढलाय, हे सुलेखाने तीनदा सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “तू काडलास म्हनतीस, तर बगू चल,” आणि काठी घेऊन उठल्या.

दारातला पडदा तोच होता. कॅमेऱ्याच्या जागी पत्र्याचा तुकडा ठोकलेला. दोन्ही बाजूंना खांद्याएवढा आडोसा आणि पुढे वायरीला लटकवलेला, कानाला लावायचा रिसीव्हर. पडद्यावर वर मोठ्या अक्षरांत ‘आपली भाषा निवडा’ आणि खाली भाषांची नावं, ज्याच्या त्याच्या लिपीत. रिसीव्हर उचलला की ती नावं कानात एकेक करून ऐकू यायची, ज्या भाषेचं नाव त्याच भाषेत. हवी ती आली की समोरचं हिरवं बटण दाबायचं. कुणी काय दाबलं ते यंत्र माणूस हलला की विसरून जाई.

रांग मोठी होती. गुराख्यासारखा दिसणारा एक म्हातारा, कडेवर पोर घेतलेल्या बायका, मागे फेटा बांधलेले एक पाटील. सुरमीबाईंचा नंबर आला. फरशीवर पिवळी रेघ आखलेली होती, सुलेखा तिच्या अलीकडे थांबली.

आईने रिसीव्हर उलटा धरला, मग सुलटा केला. ती ऐकत राहिली, एका पायावर भार देऊन, मान किंचित वाकडी करून. यादीत मराठी सुरुवातीला होती, पारधी बरीच मागे. सुलेखाला तो क्रम पाठ होता. घड्याळ बघून हिशेब केला असता तर आईने कुठे बटण दाबलं ते तिला सहज कळलं असतं. पाऊलभर पुढे सरकली असती तर दिसलंही असतं.

ती खिडकीकडे वळली. बाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं. ती ते बघत राहिली.

मागे आई बोलायला लागली होती, रिसीव्हरमध्ये, अगदी हलक्या आवाजात. शब्द पोहोचत नव्हते. रांगेतल्या कुणी वळून बघितलं नाही. पाटील जांभई देत होते, कडेवरच्या पोराने चप्पल खाली टाकली आणि म्हाताऱ्याने ती उचलून दिली.

सुरमीबाई चिठ्ठी घेऊन आल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“चार लंबरच्या खोलीत बलिवलंय,” त्या म्हणाल्या. “आजच पाय साफ करनार म्हनत्यात.”

कोणती निवडलीस, हा प्रश्न सुलेखाच्या ओठावर आला. तो तिने गिळला, आईच्या काखेत हात घातला आणि दोघी चार नंबरच्या खोलीकडे चालू लागल्या.